तो निरो नव्हता

गाडीखाली डाग दिसला की माणूस पहिल्या दिवशी म्हणतो, हा आपल्या गाडीचा नव्हे, काल इथे शेजाऱ्याची गाडी उभी होती. दुसऱ्या दिवशी डाग थोडा मोठा होतो, तेव्हा तो म्हणतो, कुणीतरी पाणी सांडलं असेल. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे यायचा. छत्तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त केल्या. सुरुवातीची काही पेडण्यात, मधली सुर्ल्याला खाणीच्या ट्रकांखाली आणि उरलेली डिचोलीहून लाटंबार्श्याला जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्या स्वतःच्या गॅरेजात. या काळात इंजिनं खोलली, गिअर बसवले, पण लोक मला ओळखायचे ते गळतीसाठी. ‘खंय गळता ता तेंका इचारा,’ असं सांगून दुसरे मेकॅनिकसुद्धा आपलं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवत. मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या माजाचंच आहे.

गळती ओळखणं तसं सोपं काम आहे, घाई केली नाही तर. गाडीच्या पोटात पाच-सहा तऱ्हेची तेलं आणि पाणी फिरत असतं. इंजिनाचं तेल जुनं झालं की काळं पडतं आणि त्याला जळका वास येतो. ब्रेकचं तेल फिकट, जवळजवळ पाण्यासारखं, पण दोन बोटांत चोळलं की गुळगुळीत लागतं. ते गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग खातं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट हिरवं नाहीतर गुलाबी असतं आणि त्याचा वास गोडसर येतो. ते विष आहे. जिभेला लावून बघणारे शहाणे मी पाहिले आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. राहता राहिलं एसीचं पाणी. ते नुसतं पाणी, त्याने काही बिघडत नाही. पेडण्याचे एक निवृत्त हेडमास्तर दर मे महिन्यात घाबरेघुबरे होऊन यायचे.

“मेस्त्री, गाडी गळता.”

“मास्तरानू, ता एसीचा उदक.”

“गेल्या वर्सा पण तुमी ह्याच सांगलास.”

“गेल्या वर्सा पण एसीच होतो.”

मास्तर नाराज होऊन परत जायचे. रोग निघाला नाही की काही माणसांना फसवल्यासारखं वाटतं.

पण रंग आणि वास ही नंतरची गोष्ट. पहिला प्रश्न, कुठे? थेंब जिथे पडतो तिथे दुखणं क्वचितच असतं. तेल वरून निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, गाडी पळत असताना वाऱ्याने मागे सरकतं आणि सगळ्यात खालचा बोल्ट सापडला की तिथून टपकतं. त्यामुळे डागाच्या वर आणि पुढे बघायचं. सुर्ल्याला असताना हे शिकायला सोपं होतं. खाणीची तांबडी धूळ सगळ्या ट्रकांवर बसलेली असायची, आणि जिथे तेल पाझरत असेल तिथे ती चिकटून चिखल व्हायची. त्या चिखलाच्या ओघळावरून बोट वर वर नेत गेलं की बोट बरोबर फुटक्या सीलवर जाऊन थांबायचं. त्या धुळीने आमच्या छातीचं वाटोळं केलं, पण धंदाही तिनेच शिकवला.

गावात अशी धूळ नाही, म्हणून मी पुठ्ठा वापरायचो. रिकामं खोकं फाडायचं, गाडीखाली पसरायचं, पुढची चाकं कुठे आली तिथे खडूने खुणा करायच्या आणि गाडी तशीच उभी ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा सगळं सांगतो, कुठे गळलं, काय गळलं, किती गळलं. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगायचो, कारण आमच्याकडे बऱ्याच घरांची अंगणं शेणाने सारवलेली, त्यांवर डाग काय वाचणार! मग लोक असे डागांचे कागद घडी घालून, पिशवीत घालून आणायला लागले. पेडण्याच्या एका भटजींनी तर असा कागद पत्रिकेसारखा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला होता. मी बोट लावून बघितलं. डाव्या मागच्या चाकाशी ब्रेकचं तेल.

“भटजीनू, हंय कसे येलात?”

“गाडी चलवन.”

“परत जाताना बसीन जावा.”

भटजींनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिशातल्या चाव्या काढून गुपचूप टेबलावर ठेवल्या. असे प्रसंग दहा झाले की माणसाला वाटायला लागतं, आता कागदाचीसुद्धा गरज नाही. मी बोटाला लावून नाकाला लावायचो आणि सांगायचो. माझं नाक चालतं अशी बोलवा झाली. गिऱ्हाइकं ‘मेस्त्रींनी नुसतो वास घेतल्यानी आनि सांगल्यानी’ असं कौतुकाने सांगायची. ते ऐकून मी नाकाने कांदे सोलायला लागलो.

आता बाबुसोबद्दल. बाबुसो लाटंबार्श्याचा शेतकरी. थोडी भातशेती, डोंगराच्या उतारावर काजू, काजूच्या दिवसांत फेणी गाळणारी छोटी भट्टी आणि एक जुनी पांढरी व्हॅन. माझं गॅरेज नवं होतं तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. शांत माणूस, बोलण्यापेक्षा मान हलवण्यावर त्याचा भर. त्याची बायको सुमन त्याच्या उलट, तोंडाने फटकळ आणि हसरी. तिच्या दोन्ही किडन्या वर्षभरापूर्वी काम करेनाशा झाल्या होत्या. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन दिवस बाबुसो तिला व्हॅनमध्ये मधल्या सीटवर आडवी करून म्हापशाला डायलिसिसला घेऊन जायचा. बाकीच्या दिवशी त्याच व्हॅनच्या मागच्या जागेत काजूचे डबे असायचे.

एप्रिलचा सोमवार होता. आमच्याकडे एप्रिलात काजू असतो, म्हणजे दुसरं काही नसतंच. कुठेही जा, हवेत पिकलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, आंबूस-गोड वास भरलेला. बोंडू तुडवून रस काढतात, उरलेला चोथा बांधून त्यावर जड दगड ठेवतात, आणि त्या चोथ्यातून जो स्वच्छ रस थेंब थेंब निथळतो तो निरो. तो आंबायच्या आत, थंड करून प्यायचा. काजूवाला माणूस हंगामात कुणाकडे गेला की निऱ्याची बाटली घेऊन जातो, आणि ज्याला दिली त्याने ती बाजूला ठेवून द्यायची नसते. त्याच्यासमोर कोप भरायचा आणि प्यायचा.

बाबुसोने बाटली आणली होती. मी एक कोप प्यायलो, गोडवा जिभेवर असतानाच दुसरा प्यायलो. मग तो म्हणाला,

“मेस्त्रीनू, गाडयेखाला कायतरी पडता. चिकट चिकट.”

मी व्हॅनच्या मागे गेलो. मागच्या दाराच्या कडेखाली ओलं होतं. बोट लावलं, नाकाला लावलं आणि हसायलाच लागलो.

“बाबुसो, तुजी गाडी निरो पियाली रे!”

दार उघडलं तर खरंच, एक प्लास्टिकचा डबा शिवणीवर चिरला होता आणि त्यातून निरो झिरपत होता. गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही हसली. बाबुसोही हसला, पण त्याने विचारलं,

“म्हणजे दुसरा काय नाय?”

“काय नाय. डबो बदल.”

“फाल्यां मंगळवार. सुमनाक घेवन म्हापशाक वचाचा आसा. गाडी जातली मा?”

“डोळे धांपून व्हर,” मी म्हणालो.

डोळे मिटून ने, त्या तीन शब्दांपाशी मी अजून अडतो. त्यांतल्या पहिल्या शब्दाचं तर मला हसूही येत नाही. मी व्हॅनखाली वाकलो नाही, पुठ्ठा घातला नाही, पुढे जाऊन बघितलंसुद्धा नाही. माझ्या नाकात निरो, तोंडात निरो, हवेत निरो. आणि लोक हसले होते, त्यामुळे मला माझं म्हणणं आणखीच खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला पुढे सुमनने सांगितलं. अस्नोडा ओलांडून व्हॅन चढणीला लागली तेव्हा तिला सीटखालून गोड वास आला. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. ती म्हणाली,

“वास येता.”

“निरो तो. काल डबो फुटललो.”

“निरो असो कढत नसता. माजो जल्म भट्टीर गेलो, माका निरो कळना नाय?”

“अगो, मेस्त्रींनी सांगलां.”

मेस्त्रींनी सांगितल्यावर बोलणंच खुंटलं. तापमान दाखवणारा काटा त्या व्हॅनमध्ये कधीचाच मेला होता, आणि ते मलाही माहीत होतं. आणखी थोडं अंतर गेल्यावर सीटखालून वाफ आली, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला बाबुसो छत्री धरून उभा आणि सुमन व्हॅनच्या दारात बसलेली. चढणीवर बस थांबेना. शेवटी कौलं नेणाऱ्या एका पिकअपवाल्याने तिला पुढे बसवून घेतलं. म्हापशाला पोचेपर्यंत तिच्या वेळेचं मशीन दुसऱ्या रुग्णाला लागलं होतं. संध्याकाळी मशीन मिळेपर्यंत अंगात साठलेलं पाणी छातीत चढून तिला श्वास लागला. दोन दिवस तिला तिथेच ठेवून घ्यावं लागलं. दुसऱ्या रात्री थोडा धोकाच होता असं डॉक्टरांनी बाबुसोला नंतर सांगितलं.

मंगळवारी दुपारी मला बाबुसोचा फोन आला होता. “मेस्त्रीनू, गाडी अस्नोड्याच्या चडणीर उबी आसा. व्हरशात?” एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी व्हॅन ओढून आणली. मग जे सोमवारी करायला हवं होतं ते केलं. पुठ्ठा पसरला, खडूने खुणा केल्या, पाणी भरलं आणि बसून राहिलो. पाण्याच्या पंपाला खाली एक बारीकसं भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी यायला लागतं. त्या भोकातून टप टप चालू झालं. जुनं कूलंट, त्याचा हिरवा रंग कधीचाच उडून फिकट पिवळं झालेलं, अगदी निऱ्यासारखं. मग सोमवारी व्हॅन उभी होती ती जमीन बघितली. मागच्या दाराखालच्या डागाला मुंग्या लागल्या होत्या. पुढच्या डागाला एकही मुंगी नव्हती. एकाच गाडीखाली दोन डाग होते आणि मी एक बघून निकाल दिला होता. इंजिन खोललं तर आत हेड वाकलेलं, पिस्टन जाम झालेले.

बुधवारी सकाळी बाबुसो माझ्याकडे आला. सुमन अजून इस्पितळात होती. मी त्याला पंप दाखवला, पुठ्ठा दाखवला आणि म्हणालो, “माजी चूक.” तो मान हलवत राहिला. तेवढ्यात मोटरसायकलवरून यशवंत आला. यशवंत हा सुमनचा थोरला भाऊ, दोडामार्गच्या बाजूच्या गावातला, बागायतदार. बहिणीवर त्याचा फार जीव. आईबाप लवकर गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेली. तो इस्पितळातून सरळ आला होता. गॅरेजात चार माणसं होती, त्यांच्यासमोरच त्याने विचारलं,

“गाडी कशी बंद पडली?”

मी तोंड उघडत होतो. खरंच उघडत होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण माझ्या आधी बाबुसो बोलला.

“माजीच चूक, भाऊ. उदक घालूक इसारलंय.”

यशवंत त्याच्याकडे वळला. मग म्हणाला,

“माजी भैण गाडयेत, आनि तू उदक बघनस नाय? डबे बघतस, भट्टी बघतस. तिका सोडून सगळा बघतस तू.”

बाबुसो खाली मान घालून उभा होता. मी हातात पाना घेऊन उभा होतो. यशवंत पुढे म्हणाला, “ह्याच्या फुडे तुज्या घराक माजो पाय लागाचो नाय.” आणि मोटरसायकलला लाथ मारून गेला.

तो गेल्यावर मी बाबुसोवर उखडलो. “खोटा कित्याक बोललस?”

“तुमचो धंदो नाकावर चलता मेस्त्रीनू,” तो म्हणाला. “माका लोकांनी येडो म्हटलो तर काजू लागाचे थांबनत नाय. तुमचा नाव गेला तर गिरायक तुटतला. आनि भाऊ तापट, चार दिसांनी निवतलो.”

मी त्याला म्हणालो, मी जाऊन सांगतो. तो म्हणाला, चार दिवस थांबा. मी थांबलो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल.

व्हॅन उभी करायला तीन आठवडे लागले. ते काम माझं होतं, त्यावर आमच्यात बोलणंही झालं नाही. तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार मी माझ्या गाडीतून दोघांना म्हापशाला नेलं. पहिल्या दिवशी सुमन गाडीत बसताना मी दार धरून उभा होतो. तीच म्हणाली, “तोंड असा कित्याक केलास? मी मेलंय नाय.” मग अस्नोड्याची चढण आली तेव्हा तिने ती वासाची हकिकत सांगितली. त्यात चिडणं नव्हतं, उलट स्वतःच्या नाकाचा थोडा अभिमानच होता. माझ्याहून तिचं नाक खरं निघालं होतं, हे तिने मला दोनदा ऐकवलं.

त्या खेपांमध्ये मला कळलं की तिला दिवसभरात किती पाणी प्यायचं ते मोजून दिलेलं होतं. निरो तर वर्षभर बंद. घरात भट्टी, अंगणात डबे आणि हिने ओठाला लावायचा नाही. एके दिवशी परत येताना ती म्हणाली,

“मेस्त्रीनू, तुमी सगळ्यांचा गळणा बंद करतास. माजा गळणा बंद जाला, म्हणान तर मी म्हापशाक जातंय. ता चालू करूचा काय तरी आसा काय तुमच्याकडे?”

बाबुसो शरमून खिडकीबाहेर बघायला लागला. मी हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. गाडी कडेला घेऊन मी उगीचच बॉनेट उघडून उभा राहिलो. आतून सुमन ओरडली, “आता तुमची पण गळता काय?”

यशवंत चार दिवसांनी निवला नाही. चार महिन्यांनीही नाही. गणपतीच्या चवथीला तो बहिणीकडे आला नाही. माणसं बाबुसोला विचारायची, मेव्हणा कुठे? तो म्हणायचा, बागायतीत काम असेल. यशवंत बहिणीला भेटायचा तो फक्त इस्पितळात, तिचं मशीन चालू असताना, आणि बाबुसो आत आला की उठून बाहेर जायचा.

त्या वर्षी भाऊबीज नेमकी डायलिसिसच्या दिवशी आली. बाबुसोची भातकापणी चालू होती, म्हणून सुमनला मीच घेऊन गेलो होतो. यशवंत साडी घेऊन आला. तिच्या एका हाताला नळ्या लावलेल्या, आणि वॉर्डात दिवा लावू देत नाहीत. तिने दुसऱ्या हाताने पिशवीतून सुपारी काढली आणि पडल्या पडल्या भावाभोवती सुपारीच ओवाळली. तो वाकला, तिने कपाळाला बोट लावलं. शेजारच्या पलंगावरची म्हातारी डोळे पुसत होती. सुमन म्हणाली, “भाऊ, फुडल्या वर्सा घराक ये. दिवो लायतंय.” यशवंतने साडी तिच्या उशाशी ठेवली. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. त्या घटकेला बोलायला काय लागणार होतं? दोन वाक्यं. माझं गॅरेज चालू होतं, गाड्यांची रांग होती, लोक अजून नाकाचं कौतुक करत होते. दोन वाक्यं मला जड झाली.

मग वर्षं गेली. सुमन अजून आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार चालूच आहे. तिची तब्येत कधी बरी, कधी वाईट. बाबुसोने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता त्याला स्वतःलाच ती खरी वाटत असावी. लग्नात, देवळात कुणी गाडीचा विषय काढला की तो म्हणतो, ‘उदक बघून जावा, मी एकदा इसारललंय.’ लोक मान डोलावतात. मी गेल्या वर्षी गॅरेज बंद केलं. गुडघे वाकेनात. गाडीखाली न वाकणारा मेकॅनिक काय कामाचा, असं मी सगळ्यांना हसून सांगितलं. आतून मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी ठरवलं, हे आता लिहायचं. छापून आलं की सगळ्यांना कळेल, आपल्यावरचं ओझं उतरेल. पण त्या दोघांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे म्हणून लाटंबार्श्याला गेलो. बाबुसो काजूच्या झाडांखाली होता. सुमन ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, मी असं असं लिहिणार आहे, सगळी चूक कबूल करणार आहे. तिने सूप बाजूला ठेवलं.

“लिवा,” ती म्हणाली. “बरा लिवा. पण माजो भाऊ दिवाळी अंक वाचणा नाय.”

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण ती हसत नव्हती.

“वाचणारे वाचतले आनि तुमका बरो म्हणतले. भावाक कोण सांगतलो?”

मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी नाक मुठीत धरून दोडामार्गच्या बाजूला गेलो. यशवंत सुपारीच्या बागेत पाट सारखा करत होता. केस पांढरे झाले होते, पण उभं राहण्याची ढब तीच. त्याने मला ओळखलं. मी पाटाच्या अलीकडे उभा राहून सगळं सांगितलं. निरो, डबा, पंप, दोन डाग. बाबुसो पाणी घालायला विसरला नव्हता. त्याने मला विचारलं होतं, आणि मी बघितल्याशिवाय सांगितलं होतं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

यशवंत कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होता. त्याने कुदळ पाटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाला,

“बाबुसो गप ऱ्हवलो कित्याक?”

“माजा नाव ऱ्हवचा म्हणान.”

“आनि तुमी?”

 उत्तर होतं, ते त्यालाही कळलं होतं आणि मलाही.

त्याने पाटात पाय धुतले, फांदीवरचा शर्ट काढून अंगात चढवला आणि माझ्या आधी जाऊन गाडीत बसला. “लाटंबार्श्याक चला,” एवढं म्हणाला. वाटेत एका दुकानापाशी त्याने मला थांबवलं आणि बहिणीसाठी एक निरांजन विकत घेतलं. ते मांडीवर धरून तो बसला होता. बाबुसोच्या अंगणात गाडी उभी राहीपर्यंत त्याने ते खाली ठेवलं नाही.